टाकीवाल्यांनी कापलेला बोर्ड

टाकीवाल्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबुडकी शेड. दारात फुटक्या पाण्याच्या टाक्या, चिरा गेलेले बाथटब, कुणाच्या तरी गाडीचा मोडका बंपर, असा सगळा जखमी मामला ओळीनं पडलेला. आत रेझिनचा वास इतका उग्र की नवखा माणूस डोळे पुसतच बाहेर यायचा. टाकीवाले मात्र तिथेच ड्रमवर बसून डबा खायचे. काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन, त्यावर पुन्हा कापड, वाळलं की ग्राइंडर मारायचा. उभं आयुष्य याच कामात गेलं. भुवयांवर कायम पांढरी पूड. बायको म्हणायची, "माझं लग्नच म्हाताऱ्याशी लागलं. तेव्हा पंचविशीचे होते, पण केस पहिल्या दिवसापासून पांढरे."

काम संपलं की एक छोटासा सोहळा व्हायचा. टाकीवाले खिशातून एक जुनं जाड नाणं काढायचे आणि जोडावर बोटाबोटाच्या अंतरानं वाजवत जायचे. फायबर आतून नीट धरलं असेल तर आवाज कोरडा, करकरीत येतो. आत पोकळी राहिली असेल किंवा पाणी शिरलं असेल, तर त्या जागी आवाज बसतो, 'ठप्' होतो. गिऱ्हाईक बाजूला परीक्षेच्या निकालाला आल्यासारखं उभं असायचं. टाकीवाले डोळे मिटून ऐकायचे, मग मान वर करून म्हणायचे, "खणखणीत." हा एक शब्द मिळाला की माणसं टाकी उचलून निघायची. पावती कुणी मागत नसे.

आता यातली गोम अशी, की टाकीवाल्यांना तो आवाज येतच नव्हता. एकदम नाही गेला. ग्राइंडरनं कुरतडत कुरतडत नेला. कानात बोळे घाल म्हणून त्यांना कुणी कमी वेळा सांगितलं नव्हतं, पण यांचं उत्तर ठरलेलं: "कान बुजवले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार?" मशीन काय म्हणायचं ते म्हणून गेलं. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची बेल, मग किटलीची शिटी. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, समोरचा तोंडासमोर असला तर सगळंच कळायचं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. नाणं वाजत राहिलं, डोळे मिटत राहिले, 'खणखणीत' चालू राहिलं. काम मुळात चोख असायचं, म्हणून निभावलंही.

बायकोला माहीत होतं. किटली ओरडून ओरडून आटायची आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे, यावरून कुठल्याही बाईला कळलंच असतं. पण ती बोलली नाही. ज्याच्या कानावर धंदा उभा आहे त्याला तोंडावर बहिरा कसं म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती उठून किटली उतरवायची.

टाकीवाल्यांचा दुसरा गुण म्हणजे भांडण. चिकट नव्हते ते. पाहुणा आला तर दुकान बंद करून त्याला जेवायला नेतील. पण विनाकारण पैसे मागितले की त्यांच्या टाळूला आग लागायची. एका दुकानात रिकाम्या खोक्याचे पैसे लावले, तर यांनी वस्तू ठेवून खोकंच घरी आणलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. विमान कंपनीशी त्यांची गाठ पडणार हे खरं म्हणजे तेव्हाच दिसायला हवं होतं.

गाठ घालून दिली मुलीनं. एकुलती एक. पाण्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, म्हणून लहानपणापासून नाव पडलं बेडकी. मोठी झाली, तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची नोकरी धरली, तरी घरात बेडकीच राहिली. मग तिला पॅडलबोर्डाचं वेड लागलं. म्हणजे एक लांबलचक, निमुळती फळी. आत थर्माकोल, वर फायबरची कातडी. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्यानं पाणी कापत जायचं. साधे बोर्ड बरे असतात, पण हिचा होता शर्यतीचा. दोन माणसं एकापुढे एक आडवी झोपतील एवढा. आणि जिंकायची पण पोरगी. एक दिवस खाडीपल्याडच्या देशात मोठी शर्यत आहे, एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत, उघड्या समुद्रात, असं सांगत आली आणि फॉर्म भरून मोकळी झाली.

विमानतळावर काउंटरवाल्या मुलीनं टेप काढून बोर्ड मोजला आणि जो आकडा सांगितला तो तिकिटापेक्षा मोठा होता.

"कशाचे एवढे?" टाकीवाल्यांनी विचारलं.

"लांबीचे, काका."

"वजन तर तुमच्या नियमात बसतंय!"

"वजन बसतंय. लांबी नाही बसत."

"म्हणजे माणूस उंच असला तर त्याचं तिकीट जास्त लावता का?"

मागची रांग हसली. मुलगीही हसली, पण टेप काही आखूड झाला नाही. दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर गेले, तर त्यांच्याकडे एवढं लांब सामान चढतच नव्हतं, पैसे देऊनसुद्धा. विमान गेलं. टेम्पोवर बोर्ड बांधून बापलेक परत आले. बेडकी रडून रडून लाल झाली होती आणि टाकीवाले एकच शब्द चघळत होते. लांबीचे. लांबीचे पैसे.

शर्यतीला अजून अवकाश होता. बेडकीच्या तलावावर येणारे एक दाढीवाले गृहस्थ होते, त्यांनी सुचवलं की हवा भरायचा बोर्ड घे. हवा काढली की पाठीवर मारून कुठेही जाता येतं. बेडकी म्हणाली, "शर्यतीत काय फुगा घेऊन उतरू?" त्यावर टाकीवाले ड्रमवरून उठले, बोर्डाच्या मधोमध पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "लांबी नडते ना? मग लांबीच काढून टाकू."

बेडकीला वाटलं, थट्टा आहे. करवत सुरू झाली तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. पांढरा थर्माकोल हिमासारखा उडाला आणि बोर्डाचे दोन तुकडे झाले. मग टाकीवाल्यांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. दोन्ही कापलेल्या तोंडांवर फायबरच्या जाड भिंती चढवल्या, वर आणि खाली स्टीलच्या कड्या बसवल्या. जुन्या ट्रंकांना असतात तशा, दाबल्या की घट्ट बसणाऱ्या. कड्यांसाठी भोकं पाडली, भोकं रेझिननं बुजवली, सगळं घासून गुळगुळीत केलं. बायकोनं ताडपत्रीची पिशवी शिवली. दोन्ही तुकडे पाठीला पाठ लावून आत गेले, वल्हं गेलं, कपडे गेले, लाइफ जॅकेट गेलं, आणि लांबी कंपनीच्या टेपात बसली. टाकीवाले पिशवीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले. "आता लाव म्हणावं पैसे," ते म्हणाले.

त्याआधी तळ्यावर बोर्ड तपासायला तिघं गेली होती. त्या दिवसाबद्दल बायको पुढे कितीदा तरी विचार करत बसे. बेडकीनं कड्या दाबल्या, बोर्डावर उभी राहिली आणि निघाली. टाकीवाले कमरेवर हात ठेवून बघत होते. काठावर त्यांच्याइतका खूश माणूस नव्हता. बेडकी वळून परत येताना एका लाटेवर बोर्ड जरासा वर उचलला गेला आणि खाली बसला, तेव्हा बायकोनं ऐकलं.

टक्.

"अहो, आवाज आला."

"कसला?"

"टक् झालं काहीतरी. जोडाजवळ."

"कड्या बसल्या असतील." मग बायको अजून बघतेच आहे म्हटल्यावर ते वैतागले. "अगं, मी इथे उभा आहे ना? मला नाही आला तो? तुला काय कळतं त्यातलं?"

पुढच्या लाटेला पुन्हा टक् झालं. बारीक, वाळकी काडी मोडावी तसं. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण बेडकी काठाला लागून ओरडत होती, "बाबा, एकदम एकसंध वाटतोय!" आणि बाबांची छाती फुगली होती. ती गप्प बसली.

शर्यत झाली. बेडकी तिसरी आली. विमान कंपनीनं जादा एक पैही घेतली नाही, आणि टाकीवाल्यांना मुलीच्या नंबरापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला. भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगत; काउंटरवरच्या मुलीचं तोंड कसं झालं ते करून दाखवत. ते तिथे नव्हतेच, बेडकीनं सांगितलेलं, पण नक्कल झकास जमायची. गोष्ट पसरली आणि माणसं आपापले बोर्ड घेऊन शेडमध्ये यायला लागली. कापून द्या, आम्हालाही विमानानं न्यायचेत. दाढीवाले सगळ्यांत आधी आले. ते शर्यतबिर्यत करणारे नव्हते. सुट्टीत बायको-मुलींना घेऊन समुद्रावर जायचं, धाकट्या मुलीला बोर्डाच्या पुढच्या टोकावर बसवायचं आणि संथपणे वल्हवत लांब जायचं, एवढाच त्यांचा शौक. टाकीवाल्यांनी त्यांचा बोर्ड कापला, जोडला, नाणं वाजवलं, डोळे मिटले. त्यांची धाकटी तेव्हा शेडच्या दारात फुटक्या बाथटबमध्ये बसून वल्हवण्याचा खेळ खेळत होती.

"खणखणीत," टाकीवाले म्हणाले.

पुढच्या वर्षी बेडकी पुन्हा निघाली. या वेळी अंतर जास्त, पाणी थंड, बेटंही उघडी. निघायच्या आदल्या दिवशी तिनं बोर्ड शेडमध्ये आणून दोन लाकडी घोड्यांवर ठेवला. वर्षभर तिनं तो रोज वापरला होता.

"बाबा, एकदा वाजवून द्या. म्हणजे मला झोप लागेल."

त्याच दिवशी दाढीवाल्यांचा फोटो आला होता. विमानतळावर ताडपत्रीची पिशवी, तिच्यावर घोड्यावर बसावं तशी बसलेली मुलगी, खाली लिहिलेलं: 'लांबीचे पैसे शून्य! टाकीवाल्यांचा विजय असो.' तो फोटो टाकीवाले येईल त्याला दाखवत होते. त्याच हुरुपात त्यांनी नाणं काढलं आणि बोर्डाच्या टोकापासून सुरुवात केली.

बायको डब्याची पिशवी घ्यायला दारात आली होती. तिनं ऐकलं. टक, टक, टक, टक. सुंदर, कोरडा आवाज. नाणं जोडाकडे सरकत गेलं. कड्यांच्या मागे, हातभर अंतरावर, आवाज बदलला. ठप्. पुढे पुन्हा ठप्. ओल्या मातीवर काठी आपटावी तसा. टाकीवाल्यांचा हात थांबला नाही, भुवईसुद्धा हलली नाही. नाणं तसंच पुढे गेलं.

"अहो," ती म्हणाली, "तिथे जरा परत वाजवा."

टाकीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी बापाकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी भरकन गेलं; राग म्हणा, भीती म्हणा, बायकोला ते नीट ओळखता आलं नाही. मग ते हसले. "झालं! आता घरोघरी तज्ज्ञ निघणार." आणि बेडकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खणखणीत आहे. जा, झोप."

बेडकी हसली. आईनं डब्याची पिशवी उचलली आणि घरी गेली. रात्रभर तिचा डोळा लागला नाही, पण सकाळी उठून ती सगळ्यांबरोबर विमानतळावर गेली, आणि तिथपर्यंतही बोलली नाही.

काउंटरवर पिशवी काट्यावर चढली. लांबी बसली. टाकीवाले आधीच विजयी चेहऱ्यानं उभे होते.

"काका, वजन जास्त आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"शक्यच नाही. मागच्या वर्षी हीच पिशवी, हेच सामान होतं. तेव्हा बसलं होतं."

"थोडंसंच आहे. पण थोडं असलं तरी जादा आकार लागतो."

घरी मोजलं नव्हतं. तीच पिशवी, तेच सामान, परत कशाला मोजायचं? हत्ती गेला आणि शेपूट अडकलं म्हणतात तसं झालं, आणि टाकीवाल्यांच्या टाळूला आग लागली. तुमचा काटा चुकतोय, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. काउंटरवरची मुलगी शांत होती. तिनं पिशवी शेजारच्या काट्यावर ठेवायला लावली. तोच आकडा.

"दोन्ही काटे एकाच मालकाचे," टाकीवाले म्हणाले. "लांबीत हरलात, आता वजनात गाठताय."

"बाबा, भरूया ना," बेडकी म्हणाली. "उशीर होतोय."

"एक पै भरायची नाही." ते गुडघ्यावर बसले आणि पिशवीची चेन उघडली. वल्हं लागणारच होतं. कपडे थोडेच होते. हाताला लाइफ जॅकेट लागलं, जाडजूड, पट्ट्यांचं. "हे तिथे मिळेल की."

"आपापलं न्यायचं असतं. पण मिळेल बहुतेक. मागून घेईन कुणाकडून तरी."

जॅकेट बाहेर आलं आणि आकडा नियमात बसला. टाकीवाल्यांनी काउंटरवरच्या मुलीकडे किल्ला सर केल्यासारखं पाहिलं. पिशवी पट्ट्यावरून आत निघून गेली. बेडकीनं आईला मिठी मारली. मध्ये ते जॅकेट होतं, म्हणून नीट मारता आली नाही.

परतीच्या बसमध्ये बायकोनं जॅकेट मांडीवर घेतलं होतं. टाकीवाले खिडकीशी, अजून कंपनीच्या नावानं पुटपुटत. बऱ्याच वेळानं ती त्यांच्या तोंडासमोर वाकून, प्रत्येक शब्द सुटा करून बोलली.

"पिशवी जड का झाली?"

"काटा."

"दोन्ही काटे?"

त्यांनी मनाशी एकेक वस्तू मोजली. बोर्ड तोच. वल्हं तेच. पिशवी तीच. कपडे उलट कमीच होते. मग वाढलं काय? शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच सांगायचे, की फायबर पाणी पीत नाही, पण आतला थर्माकोल पितो. एक बारीक चीर मिळाली की गुपचूप पीत बसतो. कड्यांची भोकं त्यांनी आपल्या हातानं पाडली होती. बस सिग्नलला थांबली तेव्हा टाकीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काल मी वाजवलं," ते म्हणाले, "तेव्हा तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय आलं?"

"कड्यांच्या मागे ठप् आलं. दोनदा."

"आणि तळ्यावर?"

"टक्. ते मी सांगितलं होतं."

"मग काल का नाही बोललीस?" ते ओरडलेच. पुढच्या बाकावरची माणसं वळली.

"बोलले की. परत वाजवा म्हटलं." ती त्यांच्याकडेच बघत होती, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. "इतकी वर्षं मी तुमची मूठ झाकून धरली. मला वाटलं, तुम्ही स्वतः उघडाल. पोरीसाठी तरी."

टाकीवाल्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठी भीती वाटली. फोन लावला तर लागेना. बेडकी विमानात होती. बायकोनं मेसेज लिहिला: 'मागच्या तुकड्यात कड्यांच्या मागे पाणी असेल. वाजवून बघ. पाण्यात उतरू नकोस.' मग तिनं विचारलं, "तुमच्या कानाचं लिहू?"

"ते नको," टाकीवाले म्हणाले. "ते मी सांगेन. फोनवर."

सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो!

मेसेज काही पोचेना. तिकडे उतरली की बेडकी फोनचं कार्ड बदलायची आणि मग स्वतःला सवड होईल तेव्हाच बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवाल्यांनी शेड उघडली, पण मशीन लावलं नाही. बायकोही घरी थांबली नाही. ड्रमवर फोन ठेवून दोघं बसली. मध्येच ती म्हणाली, "वाजतोय," आणि त्यांनी झडप घालून उचलला. स्पीकर लावला. पलीकडे वाऱ्याचा नुसता घोंगाट. टाकीवाल्यांना त्यात शब्द सापडेना. बायको ऐकून सांगत होती.

"म्हणते, मेसेज आत्ता बघितला. सगळे पाण्यात उतरायला लागलेत. काय झालंय, विचारते."

"जॅकेट मिळालं का विचार."

"नाही मिळालं. म्हणते, समुद्र आज शांत आहे, चालेल."

टाकीवाल्यांनी ड्रमची कड धरली.

"म्हणते, मी वाजवून बघितलं, पण इथल्या वाऱ्यात मला सगळं सारखंच वाटतं. फोन बोर्डावरच ठेवते आणि वाजवते. बाबांना म्हणावं, ऐका आणि सांगा."

वाऱ्याचा घोंगाट एकदम कमी झाला. टाकीवाल्यांनी फोन कानाला लावला, दाबून धरला, नेहमीच्या सवयीनं डोळे मिटले. काही नाही. आत कुठेतरी समुद्र हलत असल्यासारखी घरघर, बाकी काही नाही. डोळे उघडून त्यांनी बायकोकडे पाहिलं. स्पीकरमधून येणारं ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा पांढरा होत चालला होता.

"ठप् येतंय गं!" ती फोनवर ओरडली. "बेडके, जाऊ नकोस!"

मग ती थांबली, ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकीवाल्यांनी तिचा दंड हलवला. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

"म्हणते, आई, तुला काय कळतं त्यातलं. बाबांना बोलू दे. खणखणीत आहे ना, तेवढंच सांगा म्हणते."

हे वाक्य त्या घरात कुणाचं होतं, ते तिघांनाही माहीत होतं. टाकीवाल्यांनी फोन तोंडासमोर धरला. तो एक शब्द जिभेवर तयार होता, इतका सवयीचा की नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडला असता.

"बेडके," ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही. मी बहिरा झालोय. पुष्कळ वर्षं झाली. परवा वाजवलं तेव्हाही मला काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोललो. आईनं ऐकलं होतं. आई म्हणते ते खरं आहे. तिचं ऐक. माझं नको ऐकूस."

पलीकडे शांतता होती की त्यांच्या कानाची शांतता होती, त्यांना कळेना.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही." मग बायकोनं मान झटकन वर केली. "शिटी झाली. शर्यत सुटली."

"तिला म्हण, अंगठ्यानं दाब. कड्यांच्या मागे, हातभर अंतरावर. जोरात दाब म्हण."

बायकोनं सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग दोघं त्या फोनकडे बघत बसली. बायकोचे ओठ हलले तेव्हा टाकीवाल्यांनी ते वाचले, आणि विश्वास बसेना म्हणून तिला मोठ्यानं बोलायला लावलं.

"म्हणते, कातडं आत जातंय. दाबलं की कडेनं पाणी येतंय." बायको आता रडतही होती आणि हसतही होती. "म्हणते, बाबांना सांग, मी काठावर बसलेय. बाकीचे गेले. मी काठावर आहे."

टाकीवाले मटकन खाली बसले, त्या पांढऱ्या पुडीत, आणि लहान पोरासारखे रडले. बायकोनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी जिवंत होती, कोरडी होती, रागावलेली होती. तिचा राग आयुष्यभर सोसायची त्यांची तयारी होती. बायकोनं किटली ठेवायला म्हणून स्टोव्ह पेटवला. ती पाठमोरी असतानाच तिचा हात थांबला. ती वळली आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, दाढीवाल्यांचा बोर्ड?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ताडपत्रीच्या पिशवीवर बसलेली मुलगी त्यांना दिसली. दारातला फुटका बाथटब दिसला. त्याच कड्या, तशीच भोकं, तेच नाणं. आणि दाढीवाल्यांनंतर आलेले इतर, ज्यांची त्यांना नावंही आठवत नव्हती. माणसं शब्दावर विश्वास ठेवून पिशवी उचलून गेली होती, आणि सुट्टीचे दिवस होते, आणि सकाळची वेळ होती. पाण्यात उतरायची हीच वेळ.

त्यांनी दाढीवाल्यांचा नंबर लावला. सवयीनं फोन कानाला नेला, मग थांबले आणि तो बायकोच्या हातात दिला. ती फोन कानाशी धरून उभी राहिली. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"उचलला?"

"नाही. वाजतोय."

स्टोव्हवर किटलीनं शिटी धरली. बायकोनं हात लांबवून ती उतरवली, फोन कानावरून न काढता.

"उचलला?"

"वाजतोय अजून," ती म्हणाली.